पिवळी रेघ

दुसऱ्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसलो की माझा उजवा पाय आपोआप दाबला जातो. तिथे ब्रेक नसतो, नुसतं रबरी मॅट असतं. तरी समोरच्या रिक्षाचा लाल दिवा लागला की पाय दाबायचाच, आणि आपला चालक जरा उशिरा दाबतोय असं मनात म्हणायचंच. बायको म्हणते, "अहो, तुम्ही मागे बसा बघू. साऱ्या बेंगळुरूचे ब्रेक लावायचा मक्ता घेतलाय का?"

घेतलाय की. तेहतीस वर्षं झाली.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकबाई तिसऱ्यांदा घरी आल्या, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अक्का, ब्रेकवर काय लिहिणार? गाडी थांबली तर कुणी ब्रेकचं नाव काढत नाही. थांबली नाही तर नाव काढायला माणूस उरत नाही." त्या म्हणाल्या, "सरी, मग हेच लिहा." 'सरी', म्हणजे कन्नडात 'बरं' किंवा 'बरोबर', हा शब्द त्यांनी सहज वापरला. आपण सगळेच वापरतो. मला मात्र तो ऐकला की अजून थांबून पुन्हा विचारावंसं वाटतं. का, ते सांगण्यासाठीच लिहायला बसलोय.

माझं गॅरेज येलहंक्यात आहे. आमच्या पाच पिढ्या याच गावात गेल्या, त्यामुळे आमचं मराठी पुण्याच्या माणसाला निम्मंच कळतं आणि उरलेलं निम्मं कन्नड आहे हे आम्हाला तो हसल्यावर कळतं. गॅरेजात दोघंच. मी आणि शिवण्णा. शिवण्णा माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणजे साठीला टेकलेला. सत्तावीस वर्षं आम्ही एकाच छपराखाली काम करतोय. तो माझ्याशी कन्नड बोलतो, मी त्याच्याशी अर्धं मराठी अर्धं कन्नड, आणि कोण कुठल्या भाषेत बोललं हे दोघांनाही नंतर आठवत नाही. डोक्यावरून हवाई दलाची विमानं जातात. विमान आलं की तोंड मिटायचं, गेलं की वाक्य पुढे चालू करायचं. येलहंक्यात सगळे असेच बोलतात.

सुरुवातीला टेम्पो आणि टॅक्सी असायच्या. गेल्या बारा-तेरा वर्षांत एक नवंच गिऱ्हाईक आलं. ही मंडळी आठवडाभर संगणकापुढे बसतात आणि रविवारी आपलीच गाडी शहराबाहेरच्या ट्रॅकवर नेऊन जीव खाऊन पळवतात. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. स्वतःचाच मागचा वेळ दोन सेकंदांनी कमी झाला की माणूस आठवडाभर खूश. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यांना काम कमी आहे. आता तसं वाटत नाही. रस्त्यावर ज्या शहरात तासाला पंधरा किलोमीटर जाता येतं, तिथे माणसाला कुठेतरी पाय मोकळा करावासा वाटणारच.

पण या मंडळींचा सगळा जीव इंजिनात असतो. "अण्णा, पिकअप वाढवा." मी म्हणतो, "आधी थांबायचं बघू." रस्त्यावरची गाडी तासभरात जेवढे ब्रेक मारते, तेवढे ट्रॅकवर दहा मिनिटांत मारावे लागतात, आणि तेही सुसाट वेगावरून. चाकामागची डिस्क, जिला ब्रेकचे पॅड दोन्हीकडून दाबतात, इतकी तापते की जवळ हात नेववत नाही. साधे पॅड करपतात, वास सुटतो, पकड जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं. ते हवेतली ओल पीत राहतं, त्यामुळे जुनं ऑइल लवकर उकळतं. उकळलं की नळीत वाफ होते. ऑइल दाबलं तर दबत नाही, वाफ दबते. म्हणजे तुम्ही पेडल दाबता, वाफ दबते, आणि चाकापर्यंत काही पोचत नाही.

याला आम्ही ऑइल म्हणतो खरे, पण ते तेल नाहीच. यावरून एक किस्सा आठवतो. इंदिरानगरचे एक साहेब, फार हुशार, त्यांनी ट्रॅकला जायच्या आदल्या दिवशी 'ब्रेक ऑइल' कमी दिसलं म्हणून घरातलं इंजिन ऑइल त्यात ओतलं. आतली सगळी रबरं फुगली आणि ब्रेक जे धरले ते सोडेनात. गाडी उचलून आणावी लागली. मी हसलो तर म्हणाले, "तुम्हीच ऑइल म्हणता ना?" मी आणखी हसलो. शब्दावर विसंबणाऱ्या माणसाला हसायला मला तेव्हा फार आवडायचं.

ऑइल बदललं की नळीतली हवा काढावी लागते. हवा काढणं हाच आमचा मुख्य धंदा, गाडीचीही आणि कधीकधी गाडीवाल्याचीही. याला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाशी बसून नळीच्या टोकाचं बारीक निप्पल उघडतो आणि बंद करतो. आमचे तीन शब्द ठरलेले. ओत्तु, म्हणजे दाब. हिडी, म्हणजे धर. बिडु, म्हणजे सोड. निप्पल उघडं असताना आतल्याने पाय सोडला तर हवा परत आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. शिवण्णा आजारी होता तेव्हा मुंबईचा एक गाडीवाला हौसेने आत बसला. मी सवयीने ओरडलो, "बिडु!" तो खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "बोल भिडू!" पाय तसाच दाबून. मी पुन्हा "बिडु!" तो पुन्हा "अरे बोल ना!" शेवटी मी उठून गेलो तेव्हा कळलं, बिचाऱ्याला वाटत होतं मी लाडाने हाक मारतोय. ही गोष्ट मी शंभर जणांना सांगितली असेल. म्हणायचो, भाषा नीट कळत नसेल तर ब्रेकच्या वाटेला जाऊ नये.

आता पिवळ्या रेघेचं. प्रत्येक चाकाचा ब्रेक ज्या बोल्टांनी धरलेला असतो, ते ठरावीक जोरानेच आवळावे लागतात. या जोराला टॉर्क म्हणतात, आणि त्यासाठी एक खास पाना असतो. जोर पुरेसा झाला की तो 'टक' वाजतो. टक ऐकलं की मी पिवळ्या पेनने एक रेघ मारतो, अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी बाजूच्या लोखंडावर. बोल्ट ढिला झाला तर रेघ तुटते, नुसत्या नजरेने कळतं. आणि नियम मीच घातलेला होता की रेघ असली की पुन्हा पाना लावायचा नाही. रेघ म्हणजे माझी जबान. ट्रॅकवाल्यांत ती चांगलीच प्रसिद्ध होती. "अण्णाची रेघ आहे ना? मग चल," असं म्हणायचे, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

केतकी आमच्याकडे आली ती घाबरून. पुण्याची मुलगी, तिशीची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, छोटी लाल गाडी. दुसरीकडून ब्रेक करून घेऊन ट्रॅकला गेली होती. सहाव्या फेरीला ऑइल उकळलं. वळणाच्या बाहेर खडीत जाऊन गाडी थांबली म्हणून निभावलं. मला सांगताना तिचा आवाज सपाट होता. "काका, मी पेडल दाबलं आणि खाली काही नव्हतंच. म्हणजे पाय गेला, गेला, आणि काहीच नव्हतं." त्यानंतर दोन महिने ती ऑफिसलाही बसने जात होती.

तिच्या गाडीचं आम्ही सगळं केलं. ऑइल, जास्त ताप सोसणारे पॅड, विणलेल्या तारेच्या नळ्या. मग नवे पॅड बसवल्यावर काय करायचं ते तिला शिकवलं. वेगातून जोरात ब्रेक दाबून हळू व्हायचं, पण पूर्ण थांबायचं नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहायचं नाही. शेवटची फेरी सावकाश, सगळं थंड होऊ द्यायचं, आणि उतरल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. ती वहीत लिहून घ्यायची. पण तिचा खरा भरवसा त्या रेघेवर बसला. निघायच्या आधी ती स्टिअरिंग पूर्ण वळवायची, चाकामागे टॉर्च मारून पुढच्या चार बोल्टांच्या चार रेघा मोजायची, आणि मगच आत बसायची. एकदा म्हणाली, "काका, माझं मेडिटेशन आहे ते." शिवण्णाला मी अर्थ सांगितला तर तो म्हणाला, "देवळाला प्रदक्षिणा घालतात तसं, अष्टे." एवढंच.

त्या शनिवारी दुपारी चारला माझ्या नातीचं बारसं होतं. मुलाची पहिली मुलगी. नाव काय ठेवणार ते मला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं आणि माझ्यापुढे सगळे गालात हसत होते. केतकीची गाडी बारापर्यंत द्यायची होती, रविवारी पहाटे ती ट्रॅकला निघणार होती. घरून फोनवर फोन येत होते. खुर्च्या आल्या का, आचारी आला का, तुम्ही कधी येताय. माझं लक्ष धड गाडीत नव्हतं, धड घरात नव्हतं.

पुढच्या डाव्या चाकाशी मी बसलो होतो. वरचा बोल्ट आवळला, टक ऐकलं, रेघ मारली. खालचा बोल्ट हाताने बसवला. फोन वाजला. एका हाताने फोन कानाला लावला, दुसऱ्या हातात पेन उघडंच होतं. मी खालच्या बोल्टवरही रेघ मारून टाकली. पाना लावायच्या आधी. हे मी जाणूनबुजून केलं नाही, पण हात माझाच होता. मनात एवढंच की आत्ता आवळतोच आहे. मग उठलो, कारण बायको म्हणत होती, "अहो, भटजी तासभर आधी येतायत." शिवण्णा मागच्या चाकाशी होता. मी चालता चालता त्याला म्हणालो, "मुंदिन डावा, खालचा बोल्ट, टॉर्क..." आणि विमान आलं.

मला म्हणायचं होतं, पुढच्या डाव्या चाकाचा खालचा बोल्ट 'टॉर्क माडु', म्हणजे कर. आपल्या मराठीत काय आणि कन्नडात काय, क्रियापद शेवटी येतं, आणि ते विमानाने खाल्लं. शिवण्णा पुढे आला, वाकून बघितलं, रेघ दिसली. त्याला वाटलं मी म्हणालो 'टॉर्क माडिदे', म्हणजे केलं. तो म्हणाला, "सरी."

मी ऐकलं, "सरी, करतो." तो म्हणाला होता, "सरी, बरोबर आहे."

त्याने चाक चढवलं. बारा वाजता केतकी गाडी घेऊन गेली.

चार वाजता पाळणा सजला होता. बायका गोळा झाल्या होत्या. सून बाळाला घेऊन बसली. माझी बहीण कानात नाव सांगायला पुढे सरकली. कुणीतरी मला पेढ्यांचं ताट दिलं आणि मी ते धरलं तेव्हा माझ्या अंगठ्यावर पिवळा ठिपका दिसला. मी तो दुसऱ्या बोटाने खरवडायला लागलो. खरवडता खरवडता आठवायला लागलो. वरचा बोल्ट, टक. रेघ. खालचा बोल्ट, रेघ. मधलं टक कुठे गेलं? मी डोळे मिटून पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला. फोन ऐकू आला, विमान ऐकू आलं. टक काही आलं नाही.

ताट खाली ठेवून मी अंगणात गेलो आणि शिवण्णाला फोन लावला. तो घरी बारशाला यायच्या तयारीत होता. विचारलं, "डावीकडचा खालचा बोल्ट तू आवळलास ना?"

तो म्हणाला, "नीवे माडिदे अंदिरल्ला अण्णा." तुम्हीच केलं म्हणालात ना. "रेघ होती."

मग मी केतकीला फोन केला, आणि इथे मी जे केलं त्याची मला बोल्टपेक्षा जास्त लाज वाटते. मी म्हणालो, "सहजच फोन केला. निघायच्या आधी तो डावा बोल्ट एकदा बघून घे."

"बघितला काका, आत्ताच चारही रेघा चेक केल्या. थांबा, फोटो पाठवते."

फोटो आला. पिवळी रेघ, एकसंध, सरळ. माझ्या हातची. मागोमाग तिचा आवाज, "लाईन एकदम परफेक्ट आहे. तुम्ही आहात म्हणून मला टेन्शनच नसतं."

आतून बायकांचा पाळणा सुरू झाला. मी फोटोकडे बघत उभा होतो. ढिला बोल्ट रस्त्यावर कदाचित टिकला असता. ट्रॅकच्या हादऱ्यांत तो निघाला असता, तर कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा चिमटा, एका बाजूने मोकळा होऊन उलटला असता आणि त्या चाकाचा ब्रेक गेला असता. पुन्हा एकदा तिच्या पायाखाली काहीच उरलं नसतं, आणि या वेळी ती रेघ मोजून बसलेली असती.

"केतकी," मी म्हणालो, "ती रेघ खोटी आहे."

"म्हणजे?"

"मी आवळायच्या आधी रेघ मारली. बोल्ट हातानेच बसवलेला आहे. गाडी हलवू नकोस. मी येतो."

ती म्हणाली, "ट्रॅकवर मेकॅनिक असतात, तिथे करून घेऊ का?"

"नको. तिथपर्यंतही गाडी न्यायची नाही. मीच येतो."

बायकोला दारात बोलावून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पाच मिनिटं थांबता येणार नाही?" पाच मिनिटं थांबता आलं असतं. गाडी उभीच होती, मुलगी घरात सुरक्षित होती. पण माझे पाय थांबेनात. नाव ऐकायला मी उभा राहिलो असतो तर मला फक्त टक ऐकू येत राहिलं असतं. मी गेलो. बहिणीने कानात तोंड नेलं होतं ते मी खिडकीतून पाठमोरं पाहिलं.

शिवण्णा माझ्या फोननंतर लगेच व्हॅनमध्ये पाना-जॅक टाकून गल्लीच्या तोंडाशी आला होता, नवा शर्ट घातलेला. येलहंका ते इलेक्ट्रॉनिक सिटी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. शनिवारची गर्दी. वरच्या एक्सप्रेसवेला लागेपर्यंत दोन तास गेले. पूर्ण वेळ मी पाय मॅटवर दाबून बसलो होतो. शिवण्णा एकदा म्हणाला, "स्वल्प सोडा अण्णा, व्हॅनला भोक पडेल." मी पाय तसाच ठेवला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मीही पाना लावून बघायला हवा होता." मी म्हणालो, "रेघ असल्यावर लावायचा नाही, हे मीच सांगितलेलं."

केतकी इमारतीच्या तळघरात गाडीजवळ उभी होती. नमस्कार नाही, चहा नाही. आम्ही गाडी उचलली, चाक काढलं. मी पाना लावला. मनातून अजूनही आशा होती की तो लगेच वाजेल, मीच म्हातारपणी विसरलो असेन आणि आपलं हसं होईल. पण बोल्ट फिरला. पाव फेऱ्याहून थोडा कमी. मग टक. रेघेचे दोन तुकडे झाले, एक बोल्टबरोबर वळला, एक जागेवर राहिला. तिघांनीही बघितलं.

"बाकीच्या तीन?" केतकीने विचारलं.

"तू बघ," मी म्हणालो आणि पाना तिच्या हातात दिला.

उजवं चाकही काढलं आणि तिने एकेक बोल्टला पाना लावला. टक. टक. टक. एकही हलला नाही. ती उठली, हात पुसले. मी पेन काढून तुटक्या रेघेवर नवी रेघ मारायला वाकलो तर म्हणाली, "ती पुसू नका. नवी बाजूला मारा." आणि मग, "काका, तुम्ही फोनवर आधी सहजच म्हणालात."

"हो."

"ते नको होतं."

"हो," मी म्हणालो.

ती दुसऱ्या दिवशी ट्रॅकला गेली. संध्याकाळी सहापर्यंत मी घरात येरझारा घातल्या. तिचा फोन आला, "पोचले, ब्रेक चांगले होते." एवढंच. अजून ती येते. रेघांवर भरवसा ठेवत नाही, स्वतःचा पाना घेऊन येते. मला त्याचं वाईट वाटतं आणि बरंही वाटतं. आणि गॅरेजात आम्ही नियम बदललाय. 'सरी' बंद. एक तर 'आयितु', झालं, नाही तर 'माडतीनि', करतो. आणि ऐकणाऱ्याने वाक्य पूर्ण, क्रियापदासकट, परत म्हणून दाखवायचं. विमान आलं तर पुन्हा पहिल्यापासून. हा नियम शिवण्णाने परतीच्या वाटेवर काढला, आणि पहिल्यांदा लावला तो माझ्यावरच.

त्या शनिवारी रात्री आम्ही एक्सप्रेसवेवरून परत येत होतो. बायकोचा फोन आला. "झालं का तिथलं?"

"झालं."

"नाव विचारणार नाही?"

"सांग."

"कावेरी."

माझ्या आईचं नाव. म्हणून सगळे हसत होते. माझ्यासाठी ठेवलं होतं, आणि मी तिथे नव्हतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "सरी."

शिवण्णाने रस्त्यावरची नजर न काढता मान हलवली. "सरी बेडा अण्णा. पूर्ती हेळी." सरी नको, पूर्ण सांगा.

फोनवर बायको थांबली होती. मी पाय मॅटवरून उचलला आणि म्हणालो, "नातीचं नाव कावेरी ठेवलं."